माइनक्राफ्ट : एकसारख्या कुत्र्यांमधून आपला कुत्रा ओळखायचा कसा?

पडीक_मायनर

मंडळी, जरा मदत हवीये. आम्ही चुलत-मावस भावंडं एका प्रायव्हेट सर्व्हरवर खेळतो, जावा (पीसीवरची आवृत्ती), व्हर्जन १.२१.५ (पुढचं टाका असं सांगू नका, तो विषय घरात काढला की भांडणं होतात). बेस टायगामध्ये (थंड प्रदेशातल्या सूचीपर्णी रानात) आहे, त्यामुळे सगळ्यांनी आसपासचेच लांडगे हाडं घालून घालून पाळलेत आणि आता अंगणात तेच पांढुरके कुत्रे, तोच लाल पट्टा, तेच डोळे, अशी नुसती रांग बसलेली असते. काल गुहेत जायचं म्हणून माझ्या कुत्र्याला उठवायला गेलो तर पहिला ढिम्म, दुसरा ढिम्म, तिसरा उठला पण तो माझा जुना होता की नवा तेच कळेना. जुना जरा लाडका आहे हो, त्याला लाव्हाच्या आसपास न्यायचं नाहीये.

तर विचारायचं असं की तुम्ही लोक काय करता? नेमटॅगच (नावाची पट्टी) लावायचा का सगळ्यांना? तो मिळवायचा म्हणजे केवढी उठाठेव. आणि दुसऱ्याचा कुत्रा कुणाचा आहे हे बघायची काही सोय आहे का?

रेडस्टोन_राव

शेवटचं आधी घेतो. मालकाचं नाव स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. गेम ते आतल्या आत साठवतो, प्रत्येक पाळीव प्राण्याच्या डेटात मालकाचा आयडी असतो, पण तो बघायला कमांड लागते आणि कमांडची परवानगी बहुतेक तुमच्या अॅडमिन भावाकडेच असणार. साध्या खेळात एकच परीक्षा, ती तू केलीच आहेस. रिकाम्या हाताने राइट क्लिक कर, बसला-उठला तर तुझा, नाहीतर दुसऱ्याचा.

आता ओळख. नेमटॅगच्या मागे लागायच्या आधी पट्टा रंगव. कुठलाही डाय (रंग) हातात घेऊन कुत्र्यावर क्लिक केलं की पट्ट्याचा रंग बदलतो, सोळा रंग आहेत, खर्च एक डाय. लाल हा डीफॉल्ट आहे म्हणून तर तुमची अख्खी रांग लाल दिसते. आणि यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, पट्ट्याचा रंग फक्त मालकालाच बदलता येतो. नेमटॅगचं तसं नाही, नेमटॅग कोणीही कोणाच्याही कुत्र्यावर लावू शकतं, आधीचं नाव असलं तरी त्यावर दुसरं चिकटवू शकतं. म्हणजे सर्व्हरवर पाच-सहा जण असतील तर खरी ओळख पट्टा. नाव आपल्या हौसेपुरतं.

बेडरॉक्या

+१. आमच्या ग्रुपात एकाने रात्री बसून सगळ्यांच्या कुत्र्यांची नावं बदलून "खंडणी १", "खंडणी २" अशी ठेवली होती 😂 सकाळी व्हॉट्सॅपवर नुसता राडा

पडीक_मायनर

हे माहीतच नव्हतं की नाव कोणीही बदलू शकतं. आमच्याकडे एक कार्टं आहे दहावीतलं, त्याला हे कळायला नको.

खडूस_काका

तुम्ही पोरं उगाच गुंता करता. कुत्र्याला नाव ठेवलं की संपलं, मग त्याला लढायला न्यायचा जीव होत नाही आणि तो घरी बसून राहतो. मी कुणालाच नाव देत नाही. हाडं गोळा करायची, स्केलेटनकडून भरपूर मिळतात, एका हाडाला साधारण तीनात एक चान्स असतो पाळीव व्हायचा, गेला कुत्रा तर दुसरा. माझे सगळे लाल पट्टेवाले आहेत आणि माझं काही अडत नाही.

मांजरवेडी

काका तुम्ही एकटे खेळता म्हणून अडत नाही 😄 आणि मेल्यावर चॅटमध्ये "वुल्फ वॉज शॉट बाय स्केलेटन" असं येतं ते वाचून काहीच वाटत नाही का हो? नाव असलं तर तिथे नाव येतं. जावात पाळीव प्राणी मेला की मालकाला हा मेसेज येतोच आणि माझ्या मते ओळखीसाठी नावाचा खरा उपयोग तिथेच आहे, कारण तुम्ही गुहेत तीन कुत्रे घेऊन गेलात, अंधारात गोंधळ झाला, आणि नुसतं "वुल्फ" गेला एवढंच कळलं तर कोण गेला हे शोधत बसायचं.

आमच्या मांजरांचं बरंय. १.१४ पासून (२०१९) मांजरं ऑसेलॉटपासून (रानमांजरापासून) वेगळी झाली आणि अकरा प्रकार आले, टॅबी, टक्सिडो, सयामीज, कॅलिको, पर्शियन, रॅगडॉल वगैरे वगैरे, त्यामुळे दोन-चार मांजरं पाळली तर निम्मी ओळख अंगावरच असते. काळी मांजर हवी असेल तर चेटकिणीच्या झोपडीजवळ जा नाहीतर पौर्णिमेच्या रात्री गावात चक्कर मारा. आणि जेली नावाची जी करडी-पांढरी आहे ती खरोखरच्या मांजरीवरून घेतलीये, गुडटाइम्सविथस्कार नावाच्या युट्यूबरची मांजर होती, लोकांनी मतं देऊन निवडली होती ती.

नेदरचा_वाटाड्या

कुत्र्यांनाही आता जाती आहेत की! १.२०.५ मध्ये (एप्रिल २०२४) आठ नवीन आले, जुना धरून नऊ. पडीकभाऊ, तुमचा प्रॉब्लेम असा आहे की तुम्ही सगळे एकाच जंगलातून कुत्रे उचलताय. बायोम (प्रदेशाचा प्रकार) बदला, कुत्रा बदलेल. माझ्या आठवणीप्रमाणे नाही, आत्ता गेममध्ये बघून लिहितोय:

साध्या टायगात पेल, म्हणजे तुमचा जुनाच. बर्फाळ टायगात ॲशेन. साध्या जंगलात (फॉरेस्ट) वुड्स. उंच पाइनच्या जुन्या टायगात ब्लॅक आणि जुन्या स्प्रूसच्या टायगात चेस्टनट, हे दोन बायोम बाजूबाजूला दिसतात म्हणून लोक घोळ घालतात. विरळ जंगलात (स्पार्स जंगल, ते बांबूंचं नाही, जंगल बायोमच्या कडेचं) रस्टी, कोल्ह्यासारखा दिसतो, माझा आवडता. सॅव्हाना प्लॅटोवर स्पॉटेड, झाडं असलेल्या बॅडलँड्समध्ये स्ट्राइप्ड, आणि डोंगरावरच्या ग्रोव्हमध्ये स्नोई, हा बहुतेक एकटाच हिंडताना सापडतो त्यामुळे दोन स्नोई मिळवून पिल्लं काढायची म्हणजे पायपीट आहे.

प्रत्येक भावंडाने एकेक जात वाटून घ्या. झालं काम, ना डाय ना टॅग.

पडीक_मायनर

वाटून घ्या म्हणणं सोपंय. रस्टी सगळ्यांनाच हवा असणार.

खडूस_काका

वाटाड्याचं म्हणणं मात्र पटलं. गावाकडं अख्ख्या वाडीची गुरं एकत्र चरायला जायची आणि संध्याकाळी परत आली की ज्याची म्हैस त्याला लांबूनच कळायची, शिंगाचा बाक, कानाचा काप, चालणं. गळ्यात पाटी नव्हती कुणाच्या. तुमच्या त्या गेममध्ये सगळे कुत्रे एका साच्यातले होते तोपर्यंत पट्टे रंगवणं ठीक होतं.

रेडस्टोन_राव

काका, चालणं अजून सगळ्यांचं सारखंच आहे, पण आवाज वेगळे झालेत! १.२१.५ मध्येच आले, म्हणजे पडीकच्या सर्व्हरवर आहेत. आवाजाचे सात संच आहेत, जुना क्लासिक आणि त्याशिवाय बिग, क्यूट, पगलिन, अँग्री, ग्रंपी, सॅड. आणि मजा अशी की आवाजाचा जातीशी संबंध नाही, दोन डिट्टो सारखे दिसणारे पेल कुत्रे घेतले तरी एक भसाड्या आवाजात भुंकेल आणि एक पगसारखा घुरघुरेल. पडीक, तुझा जुना कुत्रा कसा भुंकतो ते जरा हेडफोन लावून ऐक, बाकी सगळे बसलेले असताना त्याला एकट्याला लांब नेऊन ऐक.

पडीक_मायनर

ऐकलं. माझा जुना रडका निघाला 😭 सॅडवाला. एवढे दिवस मला वाटायचं की अंगणात कुठला तरी कुत्रा आजारी आहे.

सोनूची_आई

नमस्कार, मी खेळत नाही पण मुलगा खेळतो (वय नऊ, टॅबवर) आणि सध्या घरात हाच विषय असतो म्हणून हा धागा वाचतेय. त्याने त्याच्या कुत्र्याला आमच्या खऱ्या कुत्र्याचं नाव द्यायचंय, मोती, आणि तो नेमटॅग मिळत नाहीये म्हणून रोज कटकट. कुठे मिळतो कुणी साध्या भाषेत सांगेल का? मी त्याला वाचून दाखवेन.

नेदरचा_वाटाड्या

ताई, १.२१.५ च्या काळातले तीन रस्ते सांगतो. एक, पेट्यांमध्ये: जमिनीखालच्या डंजनमधल्या, सोडून दिलेल्या खाणीतल्या (मिनकार्टवाल्या पेट्या). दोन, मासे पकडताना गळाला लागतो, पण नशिबाचा भाग. तीन, गावातला लायब्रेरियन, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर पुस्तक असतं तो, त्याच्याशी देवाणघेवाण करत करत त्याला सर्वात वरच्या पातळीला नेलं की तो वीस इमराल्डला (गेममधलं चलन) विकतो. लहान मुलाला मासे पकडायला लावा, तो रमतो आणि तुम्हालाही शांतता.

मिळाल्यावर लगेच लावायचा नाही हं, आधी अँव्हिलवर (ऐरणीवर) नाव टाइप करायचं, त्याला एक एक्सपी (अनुभवाची) लेव्हल लागते. कोरा टॅग कुत्र्यावर लावून काही होत नाही. आणि अँव्हिल बनवायला लोखंड एकूण ३१ इनगट लागतं (तीन ब्लॉक आणि चार सुट्टे) हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे परत कटकट.

सोनूची_आई

खूप धन्यवाद. ३१ ऐकून तो पळत गेला खाणीत.

परदेशी_पाखरू

मोती देवनागरीत लिहायचा असेल तर टॅबवर कसं दिसतं माहीत नाही, पण माझ्या पीसीवर जावात देवनागरी अक्षरं येतात आणि तरी वाचवत नाही. जोडाक्षरं फुटतात, पाय मोडलेला दिसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे यायच्या ऐवजी उजवीकडे. "टिप्या" लिहिलं तर कोणीतरी हातोडीने फोडल्यासारखं दिसतं. मी सगळी नावं इंग्रजी अक्षरांतच टाकते, आमच्या सर्व्हरवर भाकरवडी, चकली, पोहे आणि अनारसा अशी मांजरं आहेत, जर्मन मित्रांना ती म्हणताना ऐकणं हा वेगळाच कार्यक्रम असतो.

बाकी पट्टा-पट्टा करताय सगळे पण पोपटांचं काय? पोपटाला पट्टा नाही, पाच रंग (लाल, निळा, हिरवा, आकाशी, करडा), पिल्लं होत नाहीत, म्हणजे एका रंगाचे दोन पोपट झाले की नेमटॅगशिवाय पर्याय नाही. आणि खांद्यावर बसलेला पोपट कुठला हे तर मान वळवूनही कळत नाही.

बेडरॉक्या

पोपटाला कुकी दे जोडी जमते ना? हार्ट येतात की

मांजरवेडी

अरे नको!! कुकी दिली की पोपट मरतो. बियांनी पाळायचा, गव्हाच्या, बिटाच्या, कुठल्याही. पोपट गेममध्ये यायच्या आधीच्या टेस्ट व्हर्जनमध्ये कुकीनेच पाळीव व्हायचे, मग लोकांनी आरडाओरडा केला की चॉकलेट खऱ्या पक्ष्यांना विषारी असतं आणि मुलं घरच्या पोपटाला बिस्किटं चारतील, तेव्हा मोजांगने (गेम बनवणाऱ्या कंपनीने) बदललं. चांगलं केलं.

बेडरॉक्या

बरं झालं विचारलं, हातात कुकी घेऊनच उभा होतो

लालहिरवा_सारखाच

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो. मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही (जन्मापासून). सर्व्हरवर ठरलं होतं की प्रत्येकाचा एक रंग, मला मिळाला हिरवा आणि मित्राला लाल, आणि मी त्याच्याच कुत्र्यांना क्लिक करत बसायचो. सोळा रंग आहेत असं सगळे म्हणतात पण माझ्यासाठी ते सोळा नाहीत. लाइम आणि पिवळा पण एकच. रंग वाटताना आधी विचारा लोकांना. आमचं आता पांढरा, काळा, निळा, पिवळा एवढ्यावर चालतं आणि ते कोणालाही दिसतात.

अजून एक, ज्यांचे डोळे ठीक आहेत त्यांच्यासाठीसुद्धा, काळ्या कुत्र्याला काळा पट्टा, चेस्टनटला ब्राउन, स्नोईला पांढरा असलं करू नका. दिवसा थोडं तरी दिसतं, रात्री टॉर्चच्या उजेडात पट्टा आहे की नाही तेच कळत नाही.

रेडस्टोन_राव

हा मुद्दा फार चांगला आहे आणि मी स्वतः कधी विचार केला नव्हता. रंगासोबत जागा पण ठरवा मग. म्हणजे अंगणात प्रत्येक कुत्र्याची बसायची जागा ठरलेली, खाली गालिचा किंवा लोकर, मागे पाटी. आमच्याकडे एकाने कुत्र्यांचा गोठाच बांधलाय (हो, तो गोठाच म्हणतो), प्रत्येक खणाच्या वर आयटम फ्रेम आणि त्यात नाव टाकलेली वस्तू, म्हणजे फ्रेमकडे बघितलं की नाव दिसतं. नेमटॅग खर्ची घालायचा नसेल तर साधं हाड अँव्हिलवर नाव देऊन फ्रेममध्ये अडकवायचं, तेवढंच काम होतं.

बसलेला कुत्रा जागचा हलत नाही हे लक्षात ठेवा. उभा कुत्रा तुम्ही बाराएक ब्लॉकच्या पलीकडे गेलात की उडी मारून तुमच्याजवळ येतो, बसलेला नाही. त्यामुळे गोठ्यात बसवून ठेवला तर तो तिथेच सापडणार. लोकांचे कुत्रे हरवतात ते नेहमी मध्येच कुठेतरी गुहेत "थोडा वेळ बस" म्हणून बसवून विसरल्यामुळे.

धुळ्याचा_स्टीव्ह

माझा तसाच एक बसलाय कुठेतरी, महिने झाले. कोऑर्डिनेट लिहून नाही ठेवले. अॅडमिनला टीपी (टेलिपोर्ट) कमांडने बोलवायला सांगितलं, नाव होतं त्याला, तरी आला नाही.

रेडस्टोन_राव

येणार नाही. तो ज्या चंकमध्ये (नकाशाच्या तुकड्यात) बसलाय तो लोड झालेला नसेल तर कमांडला तो दिसतच नाही, नाव असो नसो. कोणीतरी त्या भागात जाऊन फिरावं लागेल आणि मग कमांड मारायची. पण जिवंत असेल, काळजी नको, लोड न झालेल्या चंकमध्ये वेळच थांबलेला असतो. आणि मेला असता तर मरताना तू ऑनलाइन असलास तर मेसेज आला असता.

धुळ्याचा_स्टीव्ह

म्हणजे बसलाय अजून. ओके. रविवारी निघतो शोधायला.

मांजरवेडी

नाव दिसण्याबद्दल एक राहिलं. नेमटॅग लावला तरी ते नाव लांबून तरंगताना दिसत नाही, जवळ जाऊन नेमका त्याच्यावर क्रॉसहेअर (स्क्रीनच्या मधली फुली) धरला की मग दिसतं. म्हणजे पडीकच्या रांगेत सगळ्यांना टॅग लावले तरी त्याला एकेकाकडे वळून बघत जावं लागणारच. याउलट पट्टे लांबून एका नजरेत दिसतात. (हे मी नावांच्या बाजूची असून लिहितेय, नोंद घ्यावी.)

रेडस्टोन_राव

अॅडमिन तयार असेल तर कमांडने "कस्टमनेमव्हिजिबल" चालू करता येतं त्या एका प्राण्यासाठी, मग नाव कायम डोक्यावर दिसतं. पण अंगणात दहा नावं तरंगायला लागली की एखाद्या बसस्टँडवरच्या पाट्या वाटतात, मी करून काढून टाकलं.

नेदरचा_वाटाड्या

चिलखताचं कोणीच बोललं नाही अजून? वुल्फ आर्मर. त्याच १.२०.५ अपडेटमध्ये आलं, जातींबरोबर. आर्माडिलो नावाचा प्राणी सॅव्हाना आणि बॅडलँड्समध्ये सापडतो, त्याला ब्रश मारला की स्क्यूट मिळतो, त्याला काही इजा होत नाही आणि तो मधून मधून आपणहूनही टाकतो. सहा स्क्यूटचं एक चिलखत. आणि हे चिलखत क्राफ्टिंग टेबलवर डाय मिसळून रंगवता येतं, चामड्याच्या कपड्यांसारखंच, म्हणजे दोन-तीन डाय एकत्र करून हवी ती छटा. सोळाचा हिशोबच संपला. पट्टा मालकाचा, चिलखत त्या कुत्र्याचं स्वतःचं, असं आम्ही करतो. माझे सगळे कुत्रे निळ्या पट्ट्याचे, आणि एकाचं चिलखत विटकरी, एकाचं मोरपंखी, एकाचं सायीच्या रंगाचं.

नुसती शोभाही नाही ती. पाळीव कुत्र्याचं आयुष्य त्याच अपडेटमध्ये दहा हार्टवरून वीसवर नेलं आणि चिलखत असेपर्यंत बहुतेक मार चिलखतच खातं. भेगा दिसायला लागल्या की समजायचं संपत आलं, स्क्यूट हातात घेऊन क्लिक केलं की दुरुस्त. काढायचं तर कात्री, तीही फक्त मालकाच्या हातातली.

खडूस_काका

बुडाला तर?

नेदरचा_वाटाड्या

बुडाला तर चिलखताचा उपयोग नाही काका. पाण्यात गुदमरणं, जादूचा मार, हे थेट कुत्र्याला लागतं. शेपटीवर लक्ष ठेवायचं, जीव कमी झाला की शेपूट खाली जाते. कुठलंही मांस चारलं की वर येते.

खडूस_काका

हे शेपटीचं जुनंच आहे, मला माहीत आहे. तुम्हालाच विचारून बघत होतो.

परदेशी_पाखरू

😂😂

हौशी लोकांसाठी थोडं गमतीचं. कुत्र्याला (किंवा कशालाही) "डिनरबोन" नाहीतर "ग्रम" असं नाव दिलं तर तो उलटा होतो, पाय वर डोकं खाली आणि तसाच चालतो. ही दोन मोजांगमधल्या डेव्हलपर्सची टोपणनावं आहेत. मेंढीला "जेब अंडरस्कोर" दिलं तर लोकर सारखी रंग बदलत राहते, पण कातरली की मूळचाच रंग हातात येतो, फसू नका. हे सगळं इंग्रजी अक्षरांत, कॅपिटल-स्मॉल बरोबर हवं. आणि सशाला "टोस्ट" असं नाव दिलं की तो काळा-पांढरा होतो. ते मात्र गमतीतलं नाही, एका खेळाडूच्या मैत्रिणीचा ससा हरवला होता, त्याची आठवण म्हणून त्याने विनंती केली आणि डेव्हलपरने गेममध्ये टाकला.

सोनूची_आई

टोस्टचं वाचून दाखवलं. आता ससापण पाळायचाय 🤦‍♀️

पण ऐका ना, नाव लागलं! मासे पकडतानाच मिळाला टॅग. टॅबवर देवनागरीत टाकून बघितलं नाही आम्ही, इंग्रजीतच लिहिलं. खऱ्या मोतीच्या गळ्यात निळा पट्टा आहे म्हणून तिथेही निळाच केलाय, आणि मोतीचा उजवा कान थोडा दुमडलेला आहे तो तसा करता येतो का विचारतोय.

रेडस्टोन_राव

कान नाही करता येणार साध्या गेममध्ये ताई. रिसोर्स पॅकने चित्र बदलता येतं पण मग सगळ्याच कुत्र्यांचे कान दुमडतील.

सोनूची_आई

तो म्हणतोय चालेल.

घोडनवरा

घोड्यांबद्दल पण लिहा की कोणीतरी. घोड्याला पट्टा नाही पण सात रंग आणि पाच प्रकारचे ठिपके-पट्टे म्हणजे पस्तीस दिसणं आहे, त्यात गोंधळ कमी होतो. माझा त्रास वेगळाय, दिसायला सारखे पण वेग वेगळा. वेग दिसत नाही. मी एकाच रंगाची पैदास केली आणि आता तबेल्यात सगळे तपकिरी, त्यातला पळणारा कोण आणि रेंगाळणारा कोण? शेवटी चामड्याचं हॉर्स आर्मर रंगवलं, वेगवान असेल त्याला केशरी, उंच उडीवाल्याला निळं. नावात वेग लिहिणारे पण बघितलेत मी, "तुफान १३.२" असली नावं, मला ते गाडीच्या नंबरसारखं वाटतं, आवडत नाही.

बेडरॉक्या

ॲक्झोलॉटलला (पाण्यातला प्राणी) बादलीतच नाव देता येतं माहितीये का, बादली अँव्हिलवर नाव देऊन मग पाण्यात सोडायचा, नेमटॅग वाचतो. निळा ॲक्झोलॉटल पैदाशीत १२०० मध्ये एक येतो, तो आला तर नाव नाही दिलं तरी विसरणार नाही कोणी

मांजरवेडी

कोल्ह्याचं तेवढं लिहून टाकते कारण विचारणार कोणीतरी: पट्टा नाही, बसत नाही, पाळीवही म्हणता येणार नाही, नुसता तुमच्यावर विश्वास ठेवतो. त्याला टॅग हाच उपाय. तोंडात काहीतरी धरून फिरतो त्यावरून ओळखू म्हणाल तर ते तो पाच मिनिटांत बदलतो.

पडीक_मायनर

सगळ्यांना खूप खूप थँक्स राव, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल रात्री भावंडांची मीटिंग झाली (म्हणजे व्हॉइस कॉलवर दोन तास बोंबाबोंब). ठरलं ते असं: पट्ट्याचा रंग माणसाचा. माझा पिवळा, ताईचा पांढरा, अॅडमिनचा काळा, दहावीतल्याचा निळा, आणि रंग वाटायच्या आधी सगळ्यांना स्क्रीनशॉट दाखवून विचारलं की हे चार वेगळे दिसतात ना. लाल कोणालाच द्यायचा नाही, म्हणजे लाल पट्टा दिसला की तो नवीन, अजून रंगवायचाय. कोणता कुत्रा कोणता हे चिलखतावरून. नाव ज्याला हवं त्याने लावावं, दुसऱ्याच्या कुत्र्याचं नाव बदललं तर त्या माणसाने एक पूर्ण चिलखत भरून द्यायचं. दहावीतल्याने याला विरोध केला, त्यावरूनच कळलं.

माझा रडका मात्र मी कमांडशिवाय, डायशिवाय ओळखतो आता. त्याला चिलखत सायीच्या रंगाचं दिलं.

एक शंका उरली. माझा पिवळा आणि ताईचा पांढरा यांची पिल्लं झाली तर पिल्लू कुणाचं?

रेडस्टोन_राव

दोघांपैकी एकाचंच होतं, निम्मं-निम्मं नाही. दिसायला आई किंवा बाप कोणावर तरी जातं. जन्मल्या जन्मल्या दोघांनी रिकाम्या हाताने एकेक क्लिक करून बघा. ज्याच्या क्लिकला बसेल त्याने तिथल्या तिथे डाय लावून टाकायचा. दुसऱ्याला हवंच असेल तर साध्या खेळात मालक बदलायची सोय नाही, परत जोडी लावा.

पडीक_मायनर

ताई म्हणते दोन्ही वेळा तिचंच होणार.

खडूस_काका

पिवळा डाय कशाचा करता रे? डँडेलियनचाच ना? असेल शिल्लक तर या धाग्यावर सांगून ठेवा, माझ्या नातवाला द्यायचाय. माझ्यासाठी नाही.